बाईचा रोज आणि पक्षांचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘महाराष्ट्राची आर्थिक प्रगती कोणत्या पक्षाच्या राजवटीत अधिक झाली?’ मुले तयारी करून आली होती. एकाने धरणे, सहकारी साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती काँग्रेसच्या खात्यावर मांडल्या. दुसऱ्याने १९९५ च्या युती सरकारचे रस्ते आणि पूल मोजून दाखवले. तिसऱ्याने २०१४ नंतरचे महामार्ग आणि बँकेच्या खात्यावर थेट जमा होणारे पैसे पुढे केले. टाळ्या तिघांनाही मिळाल्या. शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, तेव्हा भीमाकाठच्या गावाहून एस.टी.ने येणारी एक मुलगी मागच्या बाकावरून उठली. तिने विचारले, “माझी आई खुरपायला जाते, तिला ३०० रुपये रोज मिळतो. वडील त्याच रानात दारं धरायला जातात, त्यांना ५०० मिळतो. हा फरक कुणाच्या राज्यात पडला, आणि कुणाच्या राज्यात मिटणार आहे?”

तिघा वक्त्यांपैकी कुणालाच उत्तर देता आले नाही. परीक्षक म्हणून बसलेल्या मलाही आले नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो. माझी आई याच दोन तालुक्यांत खुरपे घेऊन हिंडली, आणि तिच्या रोजावर मी पदवीपर्यंत पोचलो. तरीही तो रोज वडिलांच्या रोजापेक्षा कमी का होता, हा प्रश्न मी कधी इतिहासाला विचारला नव्हता. तो पाऊसपाण्यासारखा चालत आलेला प्रकार आहे असेच मी धरून चाललो होतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

शिरूर आणि दौंड हे तालुके भीमेच्या दोन अंगांना आहेत. दौंडचा मुलूख पूर्वी भीमथडी तालुक्यात मोडत असे. या मुलखात बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी असल्याची सरकारी नोंद शोधायची झाली, तर १८७६-७७ च्या दुष्काळापर्यंत मागे जावे लागते. यवतजवळ पिंपळगावाच्या दक्षिणेला मातोबाचा तलाव आहे. मुठेच्या उजव्या कालव्याशी जोडलेला हा तलाव त्या दुष्काळात, नोव्हेंबर १८७६ पासून वर्षभर, दुष्काळी काम म्हणून खणला गेला. मुंबई सरकारने अशा कामांवर सुरुवातीला ठरवलेला रोज असा होता : गड्याला दोन आणे, बाईला दीड आणा, काम करू शकणाऱ्या पोराला एक आणा. जानेवारी १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार हा रोज आणखी खाली आणण्यात आला. गड्याला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा; बाईला एक पौंड धान्याची किंमत आणि वर पाव आणा. या कपातीविरुद्ध दख्खनमधील हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे गाऱ्हाणे नेले. परंतु ते गाऱ्हाणे एकंदर रोज अपुरा पडतो याविषयीचे होते. गड्याला अर्धा आणा तर बाईला पाव आणा का, हा त्या भांडणाचा मुद्दा झाला नाही.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. धान्याचा पौंड दोघांना सारखाच होता; म्हणजे पोट दोघांनाही असते हे सरकारला मान्य होते. पोटाच्या वरचा जो पैसा, त्यात बाईला निम्मा हिस्सा. माती वाहणारी बाई दिवसभरात किती पाट्या टाकते याचा या दराशी संबंध नव्हता. बाई म्हटले की दर कमी, ही गोष्ट कामाआधीच ठरलेली होती. इंग्रज सरकारने ती नवी काढली असे म्हणता येणार नाही. गावगाड्यात ती होतीच. सरकारने तिला कागदावर चढवले आणि आणे-पैचा आकडा दिला, एवढेच.

गावगाड्यातली गोष्ट याहूनही वाईट होती, कारण तेथे बाईला आकडाच नव्हता. महारवतनात गावाची कामे सारे घर करीत असे. पुरुष जासूदकी करी, सरकारी ओझी वाही, मेलेले ढोर ओढी. बाया अंगण-गोठे झाडीत, सरपण आणीत, खळ्यावर राबत. मोबदला म्हणून मिळणारे बलुते मात्र घराला एकच आणि ते पुरुषाच्या नावावर. बाईचे काम त्या बलुत्यात विरघळून जाई. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, त्यामागे श्रमाला ठरलेले वेतन मिळावे हीच मागणी होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. परंतु घर राबते आणि मोबदला एकालाच मिळतो, ही वतनाची रीत वतनाबरोबर संपली का? या प्रश्नाकडे मी पुढे परत येणार आहे.

राजकीय पक्षांचा आर्थिक कारभार तपासायचा तर पहिला कसोटीचा काळ १९३७ नंतरचा आहे, कारण प्रांतात निवडून आलेले मंत्रिमंडळ तेव्हा प्रथमच आले. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचे विधेयक आणले आणि संपाच्या हक्कावर बंधने घातली. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने व कम्युनिस्टांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध संप घडवला. त्याआधी, १९२८ मध्ये, गिरणीतील स्त्रियांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी या विधेयकाला बाबासाहेबांनी कायदेमंडळात पाठिंबा दिला होता आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गाची परिषद भरली. तिच्या जोडीने २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे येथे काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, असे ठराव या बायांनी केले. हक्काचा रोजगार ही मागणी आपल्या बायांनी स्वतःच्या तोंडाने मांडली, त्याला आता ८० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले. त्यांच्या कारकिर्दीतील एक प्रकरण आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, कारण ते अवघड आहे. युद्धाच्या काळात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांना खाणीत भूमिगत काम करण्यावरची बंदी उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावर टीका झाली. रेणुका रे यांच्यासारख्या सभासदांनी बंदी परत घालण्याची मागणी केली आणि ती मागणी चुकीची होती असे आज म्हणता येत नाही. बाबासाहेबांनी या निर्णयाचे समर्थन करताना त्याला एक अट जोडलेली दाखवली : खाणीत जाणाऱ्या बाईला त्याच कामाचे पुरुषाइतकेच वेतन मिळेल. समान कामाला लिंगभेदाविना समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत आहे, असे त्यांनी सभागृहात सांगितले. १ फेब्रुवारी १९४६ पासून ती बंदी पुन्हा लागू झाली. हा निर्णय युद्धाच्या गरजेतून आला होता हे झाकण्याचे कारण नाही. परंतु सरकारच्या हाती निर्णय असतो, तेव्हा बाईचा रोज कामाच्या दरावर ठरवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. रूढी आहे, बाजार आहे, आम्ही काय करणार, ही सबब त्या दिवशी संपली.

पुढे संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून आले. मार्गदर्शक तत्त्व न्यायालयात मागता येत नाही. १९५१ चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा समान वेतनाचा करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला. कायदा व्हायला मात्र १९७६ उजाडले. त्याआधी २६ सप्टेंबर १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, इंदिरा गांधींच्या सरकारने वटहुकूम काढला होता. काँग्रेसच्या जमाखात्यावर ही नोंद केलीच पाहिजे. पण काळ कोणता होता? देशात आणीबाणी होती, सभा-मोर्चे बंद होते, अनेक कामगार पुढारी तुरुंगात होते. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, वटहुकमानंतर महिन्याभरात, आइसलंड या चिमुकल्या देशातील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी घरातले आणि बाहेरचे काम एक दिवस बंद ठेवले. दुसऱ्या वर्षी तेथे समानतेचा कायदा झाला. त्यांचा कायदा बायांच्या संपानंतर आला आणि आपला कायदा संप करण्याची सोय नसताना आला. म्हणून आपल्याकडे कायदा पुस्तकात गेला, आणि तो मागायला उभी राहणारी बायांची फळी बांधावर तयार झाली नाही.

या कायद्याचा उपयोग कुणालाच झाला नाही असे नाही. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतील स्त्री-लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार मिळत होता. ऑड्री डिकोस्टा यांनी दावा लावला आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही ही सबब मालकाला सांगता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले. परंतु लघुलेखिकेकडे नेमणुकीचा कागद होता, पगाराची पावती होती, आणि शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा पुरुष होता. खुरपणाऱ्या बाईजवळ यांपैकी काहीही नाही. तिच्या शेजारी खुरपणारा पुरुष सहसा नसतोच. खुरपणी, कांद्याची लागण, कांदा काटणे ही कामे ‘बायांची’ म्हणजे हलकी; दारं धरणे, फवारणे, पोती उचलणे ही ‘गड्याची’ म्हणजे जड. कायदा ‘समान किंवा समान स्वरूपाचे काम’ असे म्हणतो. कामाचे स्वरूपच आधी बाई आणि गडी असे वाटून टाकले की कायद्याला हात लावायला जागा उरत नाही. आठ तास उकिडवे बसून, पाय आखडेपर्यंत केलेले काम हलके कोणत्या मापाने ठरले? ते माप तयार करणाऱ्याने खुरपे कधी हातात धरले नसावे. हा कायदा आता वेतन संहितेत विलीन झाला आहे. २०१९ मध्ये मंजूर झालेली ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण ‘समान स्वरूपाच्या कामा’चे कोडे तिच्याबरोबर पुढे आलेच आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. येथे एक प्रयोग असा झाला की ज्यात खरोखर कामावर दर लागला आणि तो बाई पाहून बदलला नाही. तो म्हणजे दुष्काळी कामे आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग करून पाहिला. १९७२ ते ७३ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली आणि मे १९७३ च्या सुमारास सुमारे ५० लाख माणसे त्यांवर होती. त्यांत बायांचा वाटा फार मोठा होता. माझी आजी त्यांतली एक. खडी फोडणे, बंडिंगची माती टाकणे, सुकडी घेऊन घरी येणे, हे सारे ती सांगत असे. मातोबाच्या तलावावर तिच्यासारखीच बाई ९५ वर्षांपूर्वी पाटी वाहत होती आणि तिला गड्यापेक्षा कमी मिळत होते. आजीच्या वेळी दर घनमापावर होता. खडीच्या ढिगाला बाई-गडी कळत नाही. शंभर वर्षांत या मुलखात झालेला हा मोठा बदल आहे आणि तो कमी लेखता कामा नये.

तथापि आजी आणखी एक गोष्ट सांगे. माप टोळीचे घेतले जाई आणि पैसे टोळीच्या मुकादमाच्या किंवा घरच्या पुरुषाच्या हातावर पडत. तिचा हिस्सा किती, हे तिला माहीत नसे. दर समान झाला, पण मस्टरवरून तो तिच्या हातापर्यंत पोचेलच असे नव्हते.

रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. विधेयक मांडले काँग्रेसच्या काळात, अंमल सुरू झाला शरद पवारांच्या पुलोद सरकारच्या काळात, आणि पाठिंबा सर्व पक्षांचा. शहरी नोकरदारांवर १९७५ पासून लावलेला व्यवसाय कर हा तिच्या पैशाचा एक मुख्य आधार होता. म्हणजे हे श्रेय कोणा एका पक्षाचे म्हणता येत नाही. त्यामागे १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह होता. रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली तो चालवला, लाखोंनी तुरुंग भरले, आणि किमान वेतनाची अंमलबजावणी ही त्यांची एक मागणी होती. १९७२ च्या महागाईविरोधी लढ्यात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर रस्त्यावर आलेल्या बाया होत्या. शहाद्याच्या श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बाया होत्या. दुष्काळी कामावर एकत्र आलेले लाखोंचे समूह होते. एकेकट्या मजुराला टाळता येते, हजारोंच्या रांगेला टाळता येत नाही. पक्षांनी कायदा केला, परंतु तो करायला भाग पाडणारी गर्दी पक्षांच्या आधी जमलेली होती.

या योजनेतून बांधलेल्या पाझर तलावांचे पाणी कुठे गेले, हेही विचारले पाहिजे. ज्यांनी माती वाहिली त्यांच्याजवळ जमीन नव्हती. पाणी जमीनवाल्यांच्या विहिरींना लागले. विहिरींना पाणी आले की बागायत आली. भूमिहीनाला खडी फोडण्याची हमी मिळाली, तिच्यातून तयार झालेल्या मालमत्तेत हिस्सा मिळाला नाही. आणि जोपर्यंत हमीचा रोज रानातल्या रोजाच्या वर जात नव्हता, तोपर्यंत जमीनदार वर्गाला ही योजना खटकली नाही. १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर हमीचा दर जवळपास दुप्पट झाला आणि त्यानंतर कामावरची हजेरी घटत गेली. मागेल त्याला काम हे तत्त्व कायद्यात होते, पण काम काढणे शासनाच्या हाती होते.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही स्त्री-पुरुषांना एकच दर होता. महाराष्ट्रासाठी २०२५-२६ चा हा दर ३१२ रुपये होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. ३१२ हा आकडा आमच्या विद्यार्थिनीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. तिच्या आईला ३००, वडिलांना ५००. सरकारचा समान दर आईच्या रोजाला लागून आहे. म्हणजे समान वेतन आले ते गड्याला बाईच्या दरावर आणून. मग गडी त्या कामाला कशाला जाईल? बाई जाते, कारण तिला रानातही तेवढेच मिळते. कागदावरची समता अशा रीतीने बायांच्या दराची सरकारी मोहोर होऊन बसते. तिच्या घरातले हे दोन आकडे सर्वेक्षणाचे नाहीत, हे मला माहीत आहे. परंतु १८७६ च्या सरकारी दरात बाईला गड्याच्या पाऊणपट मिळत होते आणि या घरात तीन पंचमांश मिळते, हे पाहून ज्याला अस्वस्थ वाटणार नाही, त्याने प्रगतीवर भाषण करू नये.

रानाच्या पलीकडे आमच्या भागात ऊस आहे. पाटसचा भीमा कारखाना, न्हावऱ्याचा घोडगंगा ही नावे येथल्या राजकारणात पक्षांच्या नावांइतकीच बोलली जातात. दिवाळीनंतर बीड-नगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोपी उभ्या राहतात. त्यांचा हिशेब ‘कोयत्या’वर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतो नवरा, अंगठा त्याचा, मुकादमाच्या वहीत नाव त्याचे. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पहाटे स्वयंपाक करते आणि पोराला फडातच बांधावर निजवते. तिचा वेगळा रोज नाही, म्हणून तिच्या बाबतीत रोजातली तफावत मोजतासुद्धा येत नाही. मघाशी मी विचारले होते की वतनाची रीत संपली का. वतनात घर राबे आणि बलुते एक असे. कोयत्यात जोडपे राबते आणि उचल एक असते. गावगाड्यातून सुटलेली माणसे सहकाराच्या गाड्याला त्याच रीतीने जुंपली गेली आहेत.

पाळी आली, आजारी पडले, तर खाडा आणि खाड्याचा दंड. या धास्तीचे टोक बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले. दोन विरोधी पक्षांचे पुढारी एका टेबलावर बसून मजुरांची दरवाढ ठरवतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वाढला तो कोयत्याचा दर. बाईचे नाव त्या टेबलावरही वेगळे निघाले नाही.

मग २८ जून २०२४ चा शासननिर्णय आला आणि ‘लाडकी बहीण’ सुरू झाली. दरमहा १५०० रुपये. नोव्हेंबरच्या निवडणुकीत महायुतीने २१०० चे, तर महाविकास आघाडीने ३००० चे आश्वासन दिले. या पैशाची टिंगल करणाऱ्यांमध्ये मी नाही. ज्या बाईच्या हाती आयुष्यात स्वतःच्या नावाचे पैसे पडले नव्हते, तिला खात्यावरच्या १५०० रुपयांचे मोल विचारावे. माझ्या आजीला तिचा हिस्सा कधी कळला नाही; या बाईला निदान कळतो. परंतु हिशेब मांडू. रोजात २०० रुपयांची तफावत आणि महिन्यातले १५ दिवस काम धरले, तर त्या बाईचे दरमहा ३००० रुपये बुडतात. बुडालेल्या हक्काच्या निम्म्याइतकी रक्कम सरकार तिला बहीण म्हणून ओवाळणीत देते. ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते. रोज हा कामाचा मोबदला असतो. एकाही मोठ्या पक्षाने जाहीर सभेत असे सांगितले नाही की खुरपणीचा रोज आणि दारं धरण्याचा रोज एक झाला पाहिजे. तिजोरीतून द्यायला सारे तयार असतात. बांधावर जाऊन मागायला कुणी तयार नसतो, कारण बांधावर मतदार उभा असतो आणि तोच तालुक्याचा पुढारी असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. शेतीच परवडत नाही, कांद्याला भाव नाही, दोन-तीन एकरांचा शेतकरी बाईला ५०० कोठून देणार? शिरूर-दौंडचा लहान शेतकरी अडचणीत आहे, हे मी जवळून पाहतो. पण शेती परवडत नसतानाही गड्याला ५०० मिळतात. शेतीच्या तोट्याचा पहिला हप्ता बाईच्या रोजातून कापला जातो, एवढेच या आक्षेपातून सिद्ध होते. दुसरी गोष्ट अशी की आजकाल कांद्याची लागण बायांच्या टोळ्या उक्त्या घेतात, एकराला अमुक इतके. तेथे दर कामावर ठरतो आणि बायांना रोजापेक्षा चांगले पैसे सुटतात. तोच शेतकरी ते देतो. म्हणजे खडीच्या ढिगाने जे शिकवले, तेच कांद्याच्या वाफ्याने शिकवले : दर कामाला लावा आणि बाया टोळीने बोलू द्या, तफावत कमी होते.

पक्षांची झडती घेतली. आता आपली घेतली पाहिजे. आपल्या चळवळीने नोकरी, राखीव जागा, शिक्षण यांची भाषा घडवली आणि माझ्यासारखे हजारो त्या भाषेने वर आले. १९७२ मध्ये पँथर उभी राहिली आणि अत्याचाराला जाब विचारला गेला. पण बाईच्या रोजाचा प्रश्न आपल्या व्यासपीठावर किती वेळा आला? दौंडसारख्या जंक्शनच्या गावात रेल्वेत लागलेला दलित पुरुष महिन्याचा पगार आणू लागला, तो आपल्या वस्तीचा अभिमान झाला. त्याच घरातली बाई रोजंदारीवर रानात जात राहिली आणि तिचा रोज हा ‘वरखर्च’ मानला गेला. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथातून आपल्या बायांची चळवळीतली कामगिरी लिहून काढली, तेव्हा कुठे आपल्याला १९४२ च्या ठरावांची आठवण झाली. माझ्या पहिल्या पगाराचा पेढा मी आईच्या हातावर ठेवला, पण तिचा रोज किती आणि तो वडिलांपेक्षा कमी का, हे तिला मी कधी विचारले नाही. ही चूक माझ्या एकट्याची असती तर येथे लिहिली नसती.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे द्यावेसे वाटते. हा फरक एका पक्षाच्या राज्यात पडला नाही. गावगाड्याने तो पाडला, इंग्रज सरकारने लिहून ठेवला, आणि नंतरच्या राजवटींनी कायद्यात मिटवला पण बांधावर राहू दिला. जेथे तो मिटला, तेथे दर उघडपणे कामावर लावला गेला होता, पैसे देणारा जबाबदार होता, आणि बाया एकत्र होत्या. या तिन्ही गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक बांधवांना एक साधे काम सुचवतो. प्रत्येकाने आपल्या गावात एक वही घालावी. तीत महिन्याला लिहावे : कोणते काम, बाईला किती, गड्याला किती, उक्ते किती, पैसे कुणाच्या हातावर पडले. वर्षाने ती वही ग्रामसभेत वाचावी आणि कामवार दराचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावण्याचा ठराव मागावा. कारखान्याच्या गेटवर मागावे की कोयत्यावर दोन नावे लिहा आणि हिशेब दोन खात्यांवर करा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षासमोर हीच वही उघडावी आणि विचारावे की यातला कोणता आकडा तुम्ही बदललात.

आमच्या महाविद्यालयात अशी एक वही या वर्षी सुरू झाली आहे. पहिले पान त्या मुलीने लिहिले आहे. दुसऱ्या पानासाठी मी आईकडे गेलो. तिला तिचा प्रत्येक वर्षाचा रोज पाठ होता, आणि वडिलांचाही.